बोलायची परवानगी

लैंगिक शिक्षणावरचा आपला वाद बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो: शाळेत शिकवावं की नाही. शिकवल्याने किंवा न शिकवल्याने बाईच्या तब्येतीचं काय होतं, हा प्रश्न त्यात मागेच राहतो. म्हणून हा संवाद लिहिला. बोलणाऱ्या दोघी मी कल्पनेने उभ्या केल्या आहेत. एक आत्या, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी हायस्कुलाची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. दुसरी तिची भाची, सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी बघणारी डॉक्टर. त्या दोघी कल्पित असल्या तरी त्यांच्या बोलण्यातले आकडे, कायदे आणि आजार खरे आहेत. आत्याची बाजू मी मुद्दाम भक्कम ठेवली आहे, कारण या विषयावर शंका घेणारं माणूस मागासलेलंच असणार हा समज मला मान्य नाही.

आत्या: शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचं करा, असं निवेदन तुम्ही डॉक्टर मंडळींनी काढलंय म्हणे. माझी सही धरू नकोस.

भाची: का गं? सगळा जन्म मुलींना शिकवण्यात गेला तुझा.

आत्या: म्हणूनच. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजनन आहेच की. ते कसं शिकवतात ते मला विचार. सर असले तर म्हणतात, हे घरी वाचून या. बाई असल्या तर फळ्यावर आकृती काढतात, नावं लिहितात, पाठ करून घेतात. पोरी अंडवाहिनीवर अचूक बोट ठेवतात. आणि त्यातलीच एखादी पाळीच्या कापडाने मांड्या सोलून निघाल्या तरी चार महिने गप्प बसते. शिवाय पॅडवाल्या कंपनीचा कार्यक्रम असतो. पोरांना मैदानावर पिटाळायचं, पोरींना हॉलमध्ये बसवायचं, अर्धा तास पडद्यावर काहीतरी दाखवायचं आणि हातात एकेक पुडकं द्यायचं. पोरी ते ओढणीखाली लपवून वर्गात येतात, आणि पोरं तेवढंच बघून हसतात. सक्ती केलीस तर याच्याच आणखी चार तासिका वाढतील.

भाची: तू सांगतेस ते शिक्षण झालंच नाही, आत्या. आकृती शिकवली, शरीर शिकवलं नाही. नकार कसा द्यायचा, कुणाचा हात कुठे लागलेला खपवून घ्यायचा नाही, अंगावरून पांढरं जाणं कधी नेहमीचं आणि कधी आजाराचं, हे त्यात कुठे आहे? आणि ते का नाही तेही तुला ठाऊक आहे. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तिका आल्या तेव्हा आपल्या विधिमंडळात केवढा गदारोळ झाला. सरकारने कार्यक्रमच थांबवला. दुसऱ्या राज्यांतही तेच झालं. संस्कृती बुडेल आणि पोरं बिघडतील, हेच कारण सगळीकडे पुढे केलं गेलं.

आत्या: त्या पुस्तिकांतली काही चित्रं मी पाहिली होती. नववीच्या वर्गात ती कशी उघडायची हा प्रश्न खराच होता. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला सगळं एकदम सांगितलं की भीती तरी बसते नाही तर कुतूहल तरी वाढतं.

भाची: वय बघून सांगायचं, हे कुणी नाकारत नाही. पण माहितीने पोरं बिघडतात ही समजूत अभ्यासाला टिकलेली नाही. युनेस्कोने २००९ मध्ये या विषयाची मार्गदर्शिका काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. तेव्हा जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले. असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर संबंधांकडे वळतात, असं दिसलं नाही. काही ठिकाणी तर उशिरा वळतात, आणि वळली तर काळजी घेऊन. नुसतं 'लग्नापर्यंत थांबा' असं बजावणाऱ्या कार्यक्रमांचा काही उपयोग दिसला नाही.

आत्या: बरं. आणि त्याच अभ्यासांत हेही असेल की, माहिती वाढते पण वागणं तेवढं बदलत नाही.

भाची: आहे. ज्ञान हमखास वाढतं, वागणं त्या मानाने कमी बदलतं.

आत्या: माझं म्हणणं तेवढंच आहे. उत्तर पाठ असणं वेगळं आणि अंगावर बेतल्यावर त्यातलं काही वापरता येणं वेगळं.

इथे मी थोडी थांबते. आत्याचा हा आक्षेप आपल्या चर्चेत फारसा ऐकू येत नाही, कारण विरोधकांना संस्कृतीची काळजी असते आणि समर्थकांना अभ्यासक्रमाची. धडा संपल्यावर त्या मुलीने कुणाकडे जायचं, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. भाचीपाशी त्याचं उत्तर आहे, पण ती आधी बीडच्या ऊसतोड बायकांकडे वळते, आणि ते योग्यच आहे.

भाची: मग न सांगण्याने काय होतं तेही बघ. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढायची प्रकरणं २०१९ मध्ये उघडकीला आली. नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. जवळजवळ सहांत एक! कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या.

आत्या: मला आकडे नको सांगूस. त्यांतल्या काही माझ्या वर्गात बसलेल्या आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पट निम्म्यावर यायचा. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, म्हणून पोरीचं लग्न हंगामाआधी उरकायची घाई. एका दिवसाचा खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीचं कापड धुवायला जागा नाही. तिथे तुझी माहिती घेऊन ती काय करेल?

भाची: खाड्याचं आणि मुकादमाचं माझ्याकडे औषध नाही, कबूल. पण दवाखान्यात काय घडलं ते ऐक. त्यांतल्या पुष्कळ बायका काय तक्रार घेऊन गेल्या होत्या? अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, पाळीला जास्त जातं. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि सांगितलं गेलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. पाळीच्या मध्यावर पारदर्शक, चिकट पांढरं जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे, आणि खाज, वास किंवा दह्यासारखं जाणं असेल तर बहुतेकदा चार-आठ दिवसांच्या गोळ्यांनी बरं होतं, एवढं तिला वेळेत कुणी सांगितलं असतं तर ती भीतीपोटी ऑपरेशनच्या टेबलावर चढली नसती. कित्येकींच्या पिशवीबरोबर अंडाशयही काढतात. मग तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, योनी कोरडी पडते, संबंध दुखरे होतात. त्याबद्दल आधी कुणी बोललेलं नसतं आणि नंतरही कुणी विचारत नाही.

आत्या: चार गोष्टी ठाऊक असत्या तर तिने डॉक्टरला उलट विचारलं असतं, असं वाटतं तुला?

भाची: सगळ्याच जणींनी नाही. पण 'दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येते' एवढं म्हणायला तरी माहिती लागतेच ना. गडचिरोलीचा अभ्यास बघ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्यांतल्या फक्त ८ टक्क्यांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. आणि आपण होऊन तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. म्हणजे आजार असूनही 'बाईच्या जातीला हे असायचंच' म्हणून चालवून घेणाऱ्या कितीतरी. आता त्यांना समोर बसून नीट विचारणारं माणूस भेटलं म्हणून आजार कळले, असं तू म्हणशील.

आत्या: म्हणेनच! ते काम पुस्तकाने झालं नाही, तपासायला गेलेल्या बाईने केलं. मी तेच म्हणते. वर्गात नका बोलू, खोलीत बोला. एकटीशी बोला.

भाची: तुझं निम्मं बरोबर आहे, म्हणून तुला ओपीडीतलं एक सांगते. एका कुणाचं नाही, असं नेहमीच बघायला मिळतं. सुनेला घेऊन सासू येते. केसपेपरवर लिहिलेलं असतं, लग्नाला तीन वर्षं, मूल नाही. मी सुनेला विचारते, संबंध नीट येतो का? उत्तर सासू देते, हो हो, सगळं व्यवस्थित आहे. आणलेल्या फाइलमध्ये रक्ताच्या तपासण्या, दोन-तीन सोनोग्राफ्या, कुणीतरी दिलेल्या गोळ्या. मी सासूला केसपेपरवर शिक्का आणायला बाहेर पाठवते, दार लावते आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसते. पुन्हा तोच प्रश्न विचारते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. बऱ्याच वेळाने कळतं की तीन वर्षांत एकदाही संबंध झालेला नाही. तो जवळ आला की तिच्या मांड्या मिटतात, कंबर आखडते, योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. तिच्या मनात असो नसो, ते तिच्या हातात राहत नाही. त्याला वाटतं ती नाकारतेय. तिला वाटतं आपल्यात वाटच नाही, देवाने आपल्याला अपुरं घडवलं.

आत्या: आणि गाव तिला वांझ म्हणतं.

भाची: आणि उपचार वंध्यत्वाचे चालू असतात. याला योनिआकर्ष म्हणतात. ऑपरेशनची गरज बहुतेकदा पडत नाही. आधी आकृती दाखवायची. मग तिच्या हातात आरसा द्यायचा. कित्येकींनी स्वतःचं शरीर तोवर पाहिलेलं नसतं. लघवीची जागा वेगळी आणि योनी वेगळी, हेही तेव्हाच कळतं. मग श्वास सोडताना स्नायू सैल कसे करायचे ते शिकवायचं, मग तिचंच बोट, मग वाढत्या जाडीच्या नळ्या, सगळं तिच्या गतीने. आणि तोवर संबंधाचा प्रयत्न करायचा नाही, असं नवऱ्याला बजावायचं. बहुतेक जणी काही महिन्यांत बऱ्या होतात. तीन वर्षांचा छळ, आत्या, आणि उपाय एवढा. आता सांग, हिला पंधराव्या वर्षी आकृतीपलीकडचं काही ठाऊक असतं तर ती माझ्याकडे तीन वर्षांनी आली असती की तीन आठवड्यांनी?

आत्या: तीन आठवड्यांनी आली असती, पण तुझ्यासारखी दार लावून बसणारी बाई असती तर. ओपीडीत दिवसाला शंभर केसपेपर असतात. प्रत्येकीला स्टूल ओढून बसतेस?

भाची: नाही बसता येत. म्हणून हे काम फक्त डॉक्टरने करायचं नसतं. जॅक अ‍ॅनन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक पद्धत मांडली, प्लिसिट म्हणतात तिला. चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी फक्त परवानगीची, म्हणजे या विषयावर इथे बोललेलं चालतं हे समोरच्या माणसाला जाणवू द्यायचं. दुसरी थोडक्या, नेमक्या माहितीची. तिसरी तिच्यापुरत्या सूचनांची. आणि चौथी, खोल उपचारांची, ती तज्ज्ञाकडे. बहुतेकींचं काम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच होतं, आणि त्या नर्सबाईला, समुपदेशकाला, शिकवलेल्या आशाताईलाही जमतात. इराण, तुर्कस्तानात परिचारिकांनी आणि सुईणींनी बाळंतपणानंतरच्या, पाळी गेलेल्या, कॅन्सरचे उपचार झालेल्या बायकांबरोबर हे करून पाहिलंय. इच्छा, वेदना, समाधान यांचे गुण आधी आणि नंतर मोजले, ते सुधारले.

आत्या: किती दिवसांनी मोजले?

भाची: बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी.

आत्या: सहामाहीला सगळेच पास होतात गं. वार्षिकला काय होतं ते बघायला हवं.

भाची: बघायलाच हवं. पण आपल्याकडे सहामाहीसुद्धा होत नाही. बाळंतिणीला आपण सव्वा महिना पाळायला सांगतो. मेथीचे लाडू, शेकशेगडी, सगळं साग्रसंगीत. त्यानंतर दूध पाजणाऱ्या बाईला कोरडेपणा येतो, टाक्यांची जागा दुखते, इच्छाच होत नाही आणि हे काही महिने चालणं स्वाभाविक आहे, हे कुणी सांगतं का? डिस्चार्जच्या कागदावर तांबी बसवल्याची तारीख असते. ती बाई मात्र मनाशी धरून बसते की आपल्यातच काहीतरी बिघडलं. आणि पाळी गेलेल्या बायका तर या विषयातून बादच झालेल्या. साधं जेल, थोडं इस्ट्रोजेनचं मलम यांनी बरं होणारं दुखणं वीस-वीस वर्षं काढतात.

आत्या: तुझ्या बोलण्यात एक गोष्ट मला टोचते. आरसा तिच्या हातात, श्वास तिने सोडायचा, जेल तिने लावायचं, तांबी तिने बसवायची. नवऱ्याला काय? 'तोवर प्रयत्न करू नकोस' एवढीच त्याची तासिका? ऑपरेशन बघ. २०१९-२१ च्या पाहणीत देशात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलेल्या बायका ३७.९ टक्के होत्या आणि पुरुष ०.३ टक्के, हे मीच गावच्या सभेत वाचून दाखवलं होतं. शिकवून-समजावून सगळं ओझं बाईच्याच पदरात बांधायचं असेल तर मला ते शिक्षण नको.

भाची: हे मात्र…

आत्या: थांब, पुरतं बोलू दे. पोरीला तू नकार शिकवशील. चांगलं आहे. पण आजही नव्या न्याय संहितेत अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने जबरदस्ती केली तर कायदा त्याला बलात्कार म्हणत नाही. तिने वर्गात शिकलेला नकार घरात कुणाला ऐकवायचा? आणि अठराच्या आतली असली तर दुसरंच भय. सोळा-सतरा वर्षांची पोरगी, आपल्या मर्जीने कुणाबरोबर होती, अडचणीत आली, तुझ्याकडे आली. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तुला पोलिसांत वर्दी द्यावी लागते. हे गावात सगळ्यांना माहीत झालंय. तुझ्या खोलीत येण्याऐवजी ती मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेते आणि रक्तस्राव थांबेना म्हणून रात्री तुझ्याकडे आणतात. मग कुठे राहिली तुझी परवानगीची पायरी?

या भाषणावर भाचीला चटकन उत्तर सुचत नाही. मलाही सुचत नाही. समुपदेशनाचं सगळं बळ गोपनीयतेत असतं, आणि ज्या वयात त्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच वयात कायदा ती गोपनीयता काढून घेतो. अत्याचार झाकला जाऊ नये म्हणून ती तरतूद आहे, तिचा हेतू खरा आहे. पण मर्जीच्या नात्यातल्या मुलीला ती दवाखान्यापासून दूर ठेवते, हेही तितकंच खरं आहे आणि ते मोठ्याने बोललं गेलं पाहिजे.

भाची: पॉक्सोचं थोडं सैल झालंय. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मुलगी गर्भपाताला आली तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने वर्दीत तिचं नाव-गाव दिलं नाही तरी चालेल. त्याच निकालात अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीचा लाभ मिळाला. आणि नवऱ्याच्या जबरदस्तीतून राहिलेला गर्भ हा गर्भपाताच्या कायद्यापुरता बलात्कारातून राहिलेला धरायचा, असंही म्हटलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ आहेच. पण ही दारं आहेत हे तिला कोण सांगणार? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्थेने दिलासा केंद्र काढलं ते एवढ्यासाठीच. बाई 'पडले, लागलं' म्हणून येते, आणि खरं काय ते विचारणारं माणूस तिथेच, दवाखान्यातच बसलेलं असतं.

आत्या: आणि पुरुषांचं?

भाची: तिथे तू जिंकलीस. माझं रोजचं दुखणं तेच आहे. बाईला संसर्गाच्या गोळ्या देते, सांगते की दोघांनी घ्यायच्या. पुढच्या महिन्यात ती तोच त्रास घेऊन हजर. नवरा म्हणतो, मला काही झालेलं नाही, मी का गोळ्या खाऊ? त्याच्या पुड्या फडताळात तशाच. मग तिसऱ्यांदा आली की तिलाच वाटतं आपली पिशवी खराब आहे, आणि बीडची गोष्ट पुन्हा सुरू होते.

आत्या: म्हणजे त्याला पंधराव्या वर्षी मैदानावर पिटाळलं होतं, त्याचंच हे फळ.

भाची: तूच म्हणालीस बघ. मुलांना वर्गात बसवल्याशिवाय मुलींचं दुखणं जाणार नाही. म्हणून मला खोलीबरोबर वर्गही हवाय. खोलीत फक्त दुखणाईत येते, वर्गात तिचा पुढचा नवराही बसलेला असतो.

आत्या: हा मुद्दा मला आधी कुणी असा सांगितला नव्हता.

भाची: सरळ सांगणाऱ्यांचं आपल्याकडे काय होतं तेही बघ. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तरी कर्वे हरले. आपल्याकडे लोकांना लेख एक वेळ चालतो. कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं की राग येतो. प्रश्न विचारू दिलेच पाहिजेत, वर्गातही आणि खोलीतही.

आत्या: मग तुमचं निवेदन नीट लिहा. 'सक्तीचं करा' एवढ्या ओळीने माझे जुने सहकारी धडा घरी वाचून या म्हणत राहतील. लिहा की शिक्षकांना आधी प्रशिक्षण द्या. मुलगे-मुली दोघांनाही शिकवा, काही तास वेगळे बसवून आणि काही एकत्र. आणि प्रत्येक शाळेला जवळच्या मैत्री क्लिनिकच्या, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या सरकारी दवाखान्याच्या, समुपदेशकाचं नाव आणि वार ठरवून द्या, म्हणजे धड्यानंतर कुठे जायचं ते पोरीला ठाऊक असेल.

भाची: आमचं मैत्री क्लिनिक सकाळी असतं, शाळेच्याच वेळेला. मुली येतच नाहीत. समुपदेशक एकच आहे, तीही बाई, त्यामुळे मुलगे फिरकत नाहीत.

आत्या: मग वेळ बदलून मागा. शनिवारी शाळा लवकर सुटते. आणि एक पुरुष समुपदेशकही मागा, तो मिळेपर्यंत आमचे जीवशास्त्राचे सर आहेत, त्यांना तुझ्याकडे शिकायला पाठवते. मुलं त्यांचं ऐकतात. एवढं निवेदनात घाल आणि कागद घेऊन ये.

भाची: सही करशील?

आत्या: आधी मसुदा वाचेन. नवऱ्यांच्या गोळ्यांचा मुद्दा त्यात नसेल तर परत पाठवेन.